विहीर, वीज, विष आणि वाट

संकटातून जीव वाचवण्याचे कौशल्य म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे गारगोटीने पेटवलेली आग, कंदमुळांवर काढलेले दिवस आणि पानांवरचे दव चाटून भागवलेली तहान उभी राहते, कारण दूरचित्रवाणीवरील साहसी मालिकांनी या विषयाची हीच ओळख करून दिली आहे. महाराष्ट्रातील माणूस प्रत्यक्षात ज्या संकटांत सापडतो त्यांत मात्र गारगोटीचा उपयोग क्वचितच होतो. शिवारातील पडीक विहीर, वळवाच्या पावसातील वीज, अंथरुणात शिरलेली मण्यार, पावसाळी सहलीतील ओढा आणि घाटमाथ्यावर चुकलेली वाट ही येथील संकटे आहेत, आणि त्या सर्वांत एक साम्य असे की, ऐनवेळी मनाला जी पहिली कृती सुचते तीच बहुधा घातक ठरते. बुडणाऱ्यामागे उडी घ्यावीशी वाटते, साप चावलेला पाय करकचून बांधावासा वाटतो, पाऊस कोसळू लागला की झाडाखाली धावावेसे वाटते, वाट चुकली की उताराला लागावेसे वाटते. ही ओढ भ्याडपणातून आलेली नसते, बरेचदा ती निखळ माणुसकीतून आलेली असते, आणि म्हणूनच तिला आवर घालणे अवघड जाते.

याचे सर्वांत विदारक उदाहरण विहिरीचे आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील वाकडी येथे ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, शेण साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, असे करत पाच जणांचा मृत्यू झाला, आणि जो एक जण जिवंत बाहेर निघाला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. या एका तपशिलात विहिरीतील बचावाचे निम्मे शास्त्र सामावलेले आहे. शेण, पालापाचोळा किंवा इतर सेंद्रिय पदार्थ बंद जागेत कुजू लागले की तेथील प्राणवायू खर्ची पडतो आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. त्यांपैकी कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे वारा न पोहोचणाऱ्या खोलगट जागेत तळाशी साचून राहतात. विहिरीत उतरवलेल्या डिझेल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडही असाच घात करतो, आणि त्याला तर कसला वासही नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा उग्र वास असतो खरा, परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे वास नाहीसा होणे हे धोका टळल्याचे लक्षण समजणारा माणूस नेमका उलटा अर्थ काढत असतो.

जुन्या जाणत्या शेतकऱ्यांमध्ये विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील किंवा दिवा दोराने खाली सोडून पाहण्याची रीत होती, आणि तो विझला तर खाली उतरायचे नाही हा तिचा नियम होता. प्राणवायूची उणीव ओळखण्यापुरती ही रीत खरी आहे. विषारी वायू मात्र दिवा न विझवताही माणसाला मारू शकतो, आणि शेणखड्ड्यासारख्या ठिकाणी मिथेन साचलेला असल्यास ती ज्योतच भडका उडवू शकते, म्हणून पूर्वजांच्या या शहाणपणाचे कौतुक करताना त्याची मर्यादा विसरता येत नाही. प्राणवायू फारच कमी असलेल्या हवेत माणसाची दोनचार श्वासांतच शुद्ध हरपते, आणि गुदमरल्याची जाणीव शरीराला प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या वाढीमुळे होत असल्याने पुष्कळदा पूर्वसूचनाही मिळत नाही. अशा जागी उतरणे हे श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमन दलाचे काम आहे. काठावरच्या माणसांनी करायचे ते एवढेच की पुढच्या माणसाला उतरू द्यायचे नाही, ११२ या क्रमांकावर कळवायचे आणि शक्य असल्यास पंख्याने किंवा पंपाने खाली ताजी हवा सोडायची. घरातील गॅस सिलिंडरची गळतीही याच जातीची आहे: हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, म्हणून दारे-खिडक्या उघडून रेग्युलेटर बंद करावा आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण बटण बंद करतानाही ठिणगी पडते; गळतीची तक्रार नोंदवण्यासाठी १९०६ हा क्रमांक आहे.

सर्पदंशाचा प्रश्न याहून फार मोठा आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे, मृत्युमुखी पडल्याचा अंदाज मृत्यूंच्या कारणांच्या राष्ट्रव्यापी पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासाने २०२० मध्ये मांडला, आणि त्यांपैकी जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-लावणीच्या महिन्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत अग्रक्रमाचे स्थान दिले, तर केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप होत. त्यांपैकी पहिल्या दोघांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करून स्नायू लुळे पाडते, तर घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवते. घोणशीच्या दंशाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

या चौघांत फसवा साप मण्यार. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश इतका बारीक व वेदनारहित असतो की पुष्कळदा झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. पहाटे पोटात कळा येऊ लागतात, घसा दुखतो, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरची माणसे रात्रीच्या जेवणाला दोष देत असतानाच श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपून उठलेल्या माणसाच्या पापण्या कारणाविना मिटू लागल्या तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, मण्यारीचा संशय घेऊन रुग्णालय गाठले पाहिजे. कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा या सापाविरुद्धचा अत्यंत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. डासांसाठी घेतलेली ही वस्तू सापालाही अडवते याची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

दंशानंतर जखम कापणे, विष तोंडाने चोखणे, बर्फ लावणे किंवा दोरीने अवयव आवळणे यांपैकी एकही उपाय हिताचा नाही. आवळपट्टीमुळे विष थांबत तर नाहीच, उलट रक्तपुरवठा तुटून अवयव काळानिळा पडतो, आणि घोणस किंवा फुरसे चावले असेल तर आधीच सुजून सडू लागणाऱ्या भागात विष कोंडून राहते. आधीच कोणी पट्टी बांधलेली असेल तर ती वाटेत झटक्याने सोडू नये, कारण कोंडलेले विष एकदम शरीरभर पसरू शकते, म्हणून ती रुग्णालयात प्रतिविष तयार ठेवून डॉक्टरांनीच सोडवायची असते. रुग्णाला धीर द्यावा, चालू किंवा पळू देऊ नये, अंगठी, बांगडी, पैंजण, जोडवी काढून घ्यावीत, दंश झालेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीच्या आधाराने स्थिर करावा आणि १०८ च्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. प्रतिविष म्हणजे घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून बनवलेले औषध. मुंबईत परळला हाफकिन संस्थेच्या आवारात या औषधावर पिढ्यानपिढ्या काम होत आले आहे. भारतातील प्रतिविष वरील चारही सापांच्या विषांवर एकत्रितपणे चालते, त्यामुळे ओळख पटवण्यासाठी साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवून दुसरा दंश ओढवून घेण्याचे कारण उरत नाही. लांबून छायाचित्र मिळाले तर तेवढे पुरे. डॉक्टरांकडेही एक साधी कसोटी असते: रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात, आणि त्यानंतर नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच वाहिले तर गोठण्याची क्रिया बिघडल्याचे कळते.

मग मांत्रिकाकडे गेलेली माणसे बरी कशी होतात, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे: बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कित्येकदा दंश करताना विष सोडत नाही, म्हणून दंश झालेल्यांपैकी अनेक जण काहीही न करता वाचणारच असतात, आणि त्यांच्या वाचण्याचे श्रेय जो समोर बसलेला असतो त्याला मिळते. या श्रेयाची किंमत ज्याच्या अंगात खरोखर विष भिनलेले आहे तो गमावलेल्या तासांच्या रूपाने मोजतो. योग्य वेळी योग्य औषध मिळाले तर चित्र किती पालटते हे कोकणात विंचवाच्या बाबतीत दिसून आले. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांचा महाडच्या परिसरात अभ्यास करून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर वापरले आणि एके काळी भरती झालेल्या गंभीर रुग्णांपैकी तिसरा हिस्सा दगावत असे तेथे मृत्यू विरळ झाले.

विजेच्या बाबतीत गैरसमज वेगळे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आणि पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना मराठवाडा व विदर्भात विजा पडून शेतमजूर, गुराखी आणि जनावरे मरतात, आणि त्यांतील बहुतेकांवर वीज थेट पडलेली नसते: झाडावर पडलेली वीज बुंध्याशी उभ्या असलेल्या माणसाकडे आडवी उडी घेते, किंवा जमिनीत शिरून चहूकडे पसरते आणि वाटेत जे पाय फाकलेले असतील त्यांच्यातील एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. गायी-बैलांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, आणि या दोन टोकांमधील विद्युतदाबाचा फरक मोठा असल्याने तो प्रवाह त्यांच्या छातीतून जातो. झाडाखाली आडोशाला थांबलेली अख्खी खिल्लारे एका क्षणात आडवी होतात ती यामुळे. प्रकाश आणि गडगडाट यांतील सेकंद मोजून तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली याचा अंदाज येतो, कारण आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. हे अंतर ३० सेकंदांहून कमी असेल तर पक्के घर किंवा वरून धातूचे छत असलेली बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पत्र्याची उघडी शेड, शेतातील मचाण आणि एकटे उभे असलेले आंब्याचे झाड ही आसरा वाटणारी, पण आसरा न देणारी ठिकाणे होत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते आणि गुराख्याच्या खिशातील फोनवरही ते चालते.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहते, त्याला हात लावू नये, हा समज निखालस खोटा असून त्याने अनेकांचे प्राण घेतले असावेत. अशा माणसाचे हृदय पुष्कळदा आपोआप पुन्हा चालू होते, श्वास मात्र अधिक वेळ बंद राहतो, आणि त्या दरम्यान कोणी श्वास पुरवला नाही तर सुरू झालेले हृदय पुन्हा थांबते. म्हणून इतर अपघातांत निपचित पडलेल्याऐवजी कण्हणाऱ्या जखमीकडे आधी लक्ष देण्याचा जो संकेत आहे तो येथे उलटा होतो: जे कण्हत आहेत ते बहुधा जगणार आहेत, आणि जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी जायचे असते. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देणे, आणि येत असल्यास प्रत्येक ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास देणे, ही हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाची पद्धत आहे. ती कोणत्याही गावात एका दुपारी शिकवता येण्याजोगी असूनही फार थोड्यांना येते.

बुडालेल्या माणसालाही हीच पद्धत लागू पडते. त्याला उलटे धरून पोटातले पाणी काढण्यात गेलेला वेळ वाया गेलेला असतो. वाहत्या पाण्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, आणि त्यामुळे जो ओढा सकाळी घोट्याइतका व निरुपद्रवी वाटतो तोच वर डोंगरावर पाऊस झाल्यावर काही मिनिटांत माणसाचे पाय उचलतो. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले ते पाणी असेच वाढल्यामुळे. नितळ पाणी गढूळ होणे, काटक्या आणि पाने वाहत येणे, पाण्याचा आवाज जड होणे ही पूर येत असल्याची लक्षणे आहेत, आणि ती दिसताच सामान गोळा करत न बसता काठ गाठायचा असतो. बुडणाऱ्याकडे दोर, साडी, लांब फांदी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून पोहायला शिकणाऱ्या पिढ्यांना तरंगणाऱ्या वस्तूचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नसे.

डोंगरातील चुकलेल्या वाटेविषयी परदेशी पुस्तकांत हमखास आढळणारा सल्ला असा की ओढा शोधावा आणि त्याच्या काठाने उतरत जावे, म्हणजे वस्ती लागते. सह्याद्रीच्या पश्चिम कडेला हा सल्ला जीवघेणा आहे, आणि त्याचे कारण भूगर्भात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार बनले. त्याला लावला जाणारा ‘ट्रॅप’ हा शब्दच पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे, आणि या पायऱ्यांची एकेक उंची कित्येक ठिकाणी शेकडो फूट भरते. घाटमाथ्यावर रमतगमत वाहणारा ओढा प्रत्येक पायरीच्या टोकाशी धबधबा होतो, त्यामुळे त्याच्या मागे गेलेला माणूस दोनतीन छोटे टप्पे उड्या मारून उतरतो आणि मग अशा कातळावर पोहोचतो जेथून खाली जाता येत नाही व वर चढता येत नाही. हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

वाट हरवल्याचे लक्षात येताच थांबावे आणि ज्या ठिकाणी मळलेली वाट शेवटची पायाखाली होती तेथे मागे फिरावे. गुरांच्या ढोरवाटा अनेकदा मुख्य वाटेइतक्याच ठळक दिसतात, पण त्या एखाद्या गवताळ टेपावर जाऊन विरतात, आणि धुक्यात फसवतात त्या याच. मागची वाटही सापडत नसेल तर घळीत किंवा नाळेत न उतरता डोंगराच्या सोंडेवर किंवा उघड्या पठारावर आडोसा धरून बसावे, विजांचा गडगडाट असेल तेव्हा मात्र उंचवटा आणि एकटे झाड सोडून थोडे खाली सरकावे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर थंडी हा खरा शत्रू असतो, कारण पाणी अंगातील उष्णता हवेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने ओढून घेते आणि भिजलेल्या सुती कपड्यांवर वारा बसला की तापमान पंधरा-वीस अंश असतानाही शरीर गारठून बोलणे अडखळू लागते. येथे धनगरांची घोंगडी आधुनिक सुती जीन्सपेक्षा कितीतरी शहाणी ठरते, कारण लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. उन्हाळ्यात किल्ल्यांवर वेगळे संकट असते ते आग्या मोहोळाचे: धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात, आणि एका डंखातून सुटणाऱ्या गंधाने इतर माश्या तेथेच चाल करून येतात, म्हणून हात न झाडता तोंड झाकून थेट दूर पळावे आणि सुरक्षित जागी पोहोचताच नांगी चिमटीने असो वा नखाने, लगेच काढावी; ती कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे, कारण तिच्या मुळाशी असलेली विषाची पिशवी काही काळ विष सोडतच राहते.

अडकलेल्याजवळ फोन असेल तर त्याने संपर्क मिळेपर्यंत सतत आवाजी कॉल लावत बॅटरी संपवण्यापेक्षा ११२ आणि घरच्यांना एक संदेश पाठवून ठेवावा, कारण क्षीण संपर्कातही लघुसंदेश जाण्याची शक्यता कॉलपेक्षा अधिक असते, आणि त्यानंतर फोन बंद करून ठरावीक वेळी चालू करावा. शिट्टी असल्यास मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबावे; आल्प्स पर्वतातून रूढ झालेला हा संकेत येथील गिर्यारोहकही ओळखतात, आणि तोंडाने हाका मारण्यापेक्षा शिट्टीचा आवाज धुक्यात दूर जातो व घसाही कोरडा पडत नाही. संदेशात गडाचे किंवा पायथ्याच्या गावाचे नाव, किती जण आहेत, कोणाला काय लागले आहे आणि शेवटची ओळखीची जागा कोणती, एखादे टाके, खिंड, मंदिर किंवा विजेचा मनोरा, एवढे लिहावे. महाराष्ट्रात डोंगरातील बचावाचे काम बव्हंशी स्वयंसेवी गिर्यारोहक गट स्थानिक गावकऱ्यांना बरोबर घेऊन करतात, आणि रात्री दोर व विजेऱ्या घेऊन निघालेला असा गट शोधाची सुरुवात त्या शेवटच्या ओळखीच्या जागेपासूनच करतो. तेथून माणूस जितका दूर भटकला असेल तितके त्यांना शोधायचे क्षेत्र वाढत जाते.